मोटारसायकलला लिफ्ट

खानदेशात लिफ्ट ही मागायची गोष्ट आहे, विकत घ्यायची नव्हे. एरंडोलला किंवा पारोळ्याला रस्त्याच्या कडेला हात आडवा करून उभ्या असलेल्या माणसाला मोटारसायकलवाला मागे बसवून घेतो आणि पुढच्या गावापर्यंत पाऊस, कापसाचा भाव आणि कुणाच्या पोरीचं कुठे जमलं या तीन विषयांवर मान मागे वळवून बोलत राहतो. त्याला लिफ्ट म्हणतात. त्यामुळे जळगावातल्या एका गृहस्थांनी "गाडीसाठी लिफ्ट बघतोय" असं सांगितलं, तेव्हा शेजारी काळजीने म्हणाले, "का हो भाऊ, बंद पडली का? टेम्पो सांगू?"

'गॅरेज' या शब्दाने आणखी घोळ केला. इंग्रजी सिनेमात गॅरेज म्हणजे घराला चिकटलेली खोली. शटर वर गेलं की भिंतीवर मापवार टांगलेले पाने दिसतात. जळगावात गॅरेज म्हणजे दुकान. बाहेर टायरांची चळत, आत तेलाने काळी झालेली जमीन, आणि "उद्या संध्याकाळी या" म्हणणारा मिस्तरी. 'भाऊ घरी गॅरेज करताहेत' ही बातमी नात्यात पोचायला दोन दिवस लागले. एका मावसभावाने "रिटायर झाल्यावर काहीतरी धंदा पाहिजेच" म्हणून पाठ थोपटली. चौथ्या दिवशी गल्लीतला एक मुलगा पंक्चर झालेली स्कुटी ढकलत फाटकाशी येऊन उभा राहिला.

भाऊंना धंदा करायचा नव्हता. बँकेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशातून त्यांनी क्लासिक ३५० घेतली होती, आणि ती आपल्या हाताने पुसावी, तेलपाणी बघावं, चेन साफ करावी, एवढीच हौस होती. हौसेच्या आड गुडघे आले. पाटावर बसून ब्रेकचा नट सैल करणं जमायचं; उठणं जमायचं नाही. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केल्यावर भाऊंनी एक तर्कशुद्ध निष्कर्ष काढला: माणूस खाली जाऊ शकत नसेल, तर गाडी वर आली पाहिजे.

त्यांचे साडू धुळ्याला. तिथल्या नंबरवाल्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत वडिलोपार्जित घर, आणि घरात येझदी. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे येझदीवाल्याला मिस्तरी स्वतःच व्हावं लागतं. या गाडीची किकच दुमडून गिअरचा खटका होते. अनोळखी माणूस ती चोरायला आला तरी पहिली दहा मिनिटं विचारात घालवतो. साडूंना लिफ्टचा अनुभव जुना होता, फक्त ती लिफ्ट म्हणजे सागाची एक फळी होती. रात्री ओट्याला फळी लावायची, येझदी पळत चढवायची, पुढच्या खोलीत उभी करायची आणि सकाळी पाहुणे येण्याआधी उतरवायची. धुळे-जळगावच्या जुन्या वस्तीत घरचं गॅरेज म्हणजे हेच: रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत चालणारं, ज्याला दिवसा दिवाणखाना म्हणतात.

मग दोघांचे फोन सुरू झाले. रोज रात्री, जेवणानंतर. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे इकडे ठरलेली गोष्ट पलीकडे मंजूर होण्याआधीच नामंजूर व्हायची.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ज्या घरात स्प्लेंडर आहे, त्या घरात हा विषय निघतच नाही. ११२ किलोची गाडी, चेन पूर्ण झाकणात, आणि खाली डबल स्टँड. हा डबल स्टँड म्हणजे जगातली सर्वांत स्वस्त मोटारसायकल-लिफ्ट; गाडीबरोबर फुकट येते आणि तिचा कुणी आदर करत नाही. तरफेचं साधं काम आहे: स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, अंगाचं वजन पायातून स्टँडच्या दांडीवर टाकायचं, हाताने फक्त दिशा द्यायची. जिला हे कळलं ती बारावीतली मुलगी ॲक्टिव्हा एका झटक्यात स्टँडवर लावते. ज्याला कळलं नाही तो जिममध्ये दंड कमावलेला तरुण गाडी दोन्ही हातांनी उपसतो आणि कमरेला पट्टा बांधून आठ दिवस फिरतो. बैल सोडल्यावर बैलगाडीच्या जुवाखाली शिपाई नावाचा टेकू लावणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात तरी हे शिकवावं लागू नये.

पण डबल स्टँड चाक उचलतो, तेही दोन बोटं. भाऊंना चाक नव्हे, चेन डोळ्यांसमोर हवी होती.

साडूंच्या मुलाकडे ड्यूक. केटीएमच्या या गाडीला डबल स्टँडच नसतो आणि चेन मात्र उघडी, धूळ खाणारी; त्यात शहराच्या नावातच धूळ ऐकू येते. त्याने पॅडॉक स्टँड आणला होता. दोन हजारांच्या आसपासचा लोखंडी सांगाडा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, स्विंगआर्मला बसवलेल्या बॉबिनमध्ये तो अडकवायचा आणि मागची दांडी खाली दाबायची. चाक हवेत, हाताने फिरवा, चेनवर तेल सोडा. यात एकच अट आहे, जी खोक्यावर छापलेली नसते. पहिल्या दिवशी दोन माणसं लागतात: एक दांडी दाबायला, दुसरा गाडी सरळ धरायला. घरात दुसरा माणूस म्हणजे आई, तिचे हात कणकेत. "आई, जरा धर गं" या चार शब्दांवर किती टाक्यांना पोचे पडलेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही. ड्यूकवाल्याला मात्र यापेक्षा जास्त काही लागत नाही. तो पंचविशीत आहे. त्याला जमिनीवर बसता येतं आणि उठताही येतं.

भाऊंच्या मनात पुढची पायरी होती, कात्री जॅक. गाडीच्या पोटाखाली सरकवायचा, वर चढवायचा. जागा कमी घेतो, पलंगाखाली राहतो, किंमत बेताची. साडूंनी विचारलं, "पोटाखाली काय आहे ते बघितलं का?" यात धुळेकरांचं अज्ञान नव्हतं, अनुभव होता. कात्री जॅकला वर सपाट, मजबूत आधार लागतो. इंजिनखालून फ्रेमच्या दोन नळ्या जातात अशा गाड्यांना तो चालतो. पण ज्या गाडीत इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो, तिथे जॅक थेट इंजिनच्या तळाला टेकतो. तेल काढायचा बोल्टही तिथेच. स्कूटरच्या पोटाखाली तर सायलेन्सर, स्टँड आणि प्लास्टिक यांची भाऊबंदकी असते. आणि गाडी एका मध्यबिंदूवर तोलली की पुढचं चाक काढताच ती मागे झुकते, मागचं काढलं की पुढे.

राहिली टेबल-लिफ्ट. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळीने असतात त्याच. मिस्तरी लोक त्यांना रॅम्प म्हणतात, लिफ्ट म्हटलं की त्यांना हसू येतं. सातेक फूट लांब, दोन-सव्वादोन फूट रुंद लोखंडी टेबल, खाली कात्री, कात्रीत हायड्रॉलिक सिलिंडर, बाजूला पायाने दाबायचा पंप. पुढे चाक पकडणारा शिकंजा. मागच्या बाजूला टेबलातली एक पाटी निघते, म्हणजे मागचं चाक खाली उतरवून काढता येतं. ही पाटी नसलेली स्वस्त लिफ्ट घेतली, तर चाक काढताना गाडी पुन्हा टेबलावर स्टँड लावून उचलावी लागते, आणि मग एवढा खर्च कशाला केला हे घरच्यांना समजावता येत नाही.

या यंत्राचा इतिहास भाऊंनी शोधून काढला, आणि निवृत्त माणसाप्रमाणे तो सगळ्यांना सांगितला. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी नावाच्या गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९२५ मध्ये मोटारी उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली न्हाव्याच्या खुर्चीवरून: माणूस वर-खाली होतो, तर मोटार का नाही? भाऊंचे केशकर्तनालयवाले हे ऐकून काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची दोन इंच खाली केली आणि मानेवर वस्तरा फिरवला. न्हाव्याच्या खुर्चीच्याही मागे गेलं तर जोसेफ ब्रामा भेटतो. हा इंग्रज कारागीर आधी फ्लशचे संडास बनवायचा, मग कुलपं, आणि १७९५ मध्ये त्याने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं.

आणि इथे गोष्ट परदेशातून थेट जळगावात उतरते. कारण खानदेशाला हायड्रॉलिकची ओळख मोटारीने नाही, कापसाने करून दिली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस आठवला. जळगावची कापसाची पेठ तेव्हा फुगली आणि युद्ध संपताच आपटलीही. पण कापूस राहिला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने राहिले. फुगलेली रुई हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून गाठ बांधायची, ती गाठ आज १७० किलोची धरतात. भाऊंची क्लासिक ३५० आहे १९५ किलोची. म्हणजे एक गाठ रुई आणि वर केळीचा एक घड. ज्या तत्त्वाने खानदेशाने इतकी वर्षं रुई खाली दाबली, त्याच तत्त्वाने एक माणूस मोटारसायकल वर दाबू पाहत होता, यात जळगावकरांना नवल वाटायचं कारण नव्हतं.

तत्त्व पास्कलचं. बंद तेलावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पंपाचा दट्ट्या एक चौरस सेंटिमीटरचा आणि सिलिंडरचा वीसचा असेल, तर दहा किलोच्या जोराने दोनशे किलो हलतात. पण निसर्ग सराफासारखा असतो, एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने वजन करून घेतो: दट्ट्या वीस सेंटिमीटर दाबला की पलीकडे एक सेंटिमीटर सरकतं. म्हणून टेबल कमरेपर्यंत आणायला पंपावर लाथांमागून लाथा माराव्या लागतात. त्यातही कात्री सुरुवातीला जवळजवळ आडवी असते, तेव्हा जोर सर्वांत जास्त लागतो. पहिल्या चार लाथांत माणूस लिफ्ट परत करायच्या विचारात असतो. कात्री उभी होऊ लागली की काम सोपं होतं.

विजेवर चालणारीही मिळते. तिच्याबद्दल दोन्ही साडूंचं एकमत चटकन झालं. भारनियमनाची वर्षं काढलेल्या माणसाला, महत्त्वाची वस्तू हवेत असताना वीज जाणार, याची खात्री असते. (उतरवण्याला वीज लागत नाही, झडप सैल केली की टेबल गाडीच्या वजनाने हळूहळू खाली येतं. पण खात्रीपुढे माहितीचं काय चालतं?) हवेच्या दाबावर चालणारी घ्यायची तर कॉम्प्रेसर आला, आणि कॉम्प्रेसर दुपारी दोन वाजता सुरू केला तर कॉलनीतली संबंध वामकुक्षी उठून दारात येईल.

किमतीचा प्रश्न बहिणींनी आपसात सोडवला. टेबल-लिफ्टला पाच आकडी रक्कम जाते. जळगावात कुठल्याही मोठ्या खर्चाची बरोबरी सोन्याशी केली जाते, हा शहराचा अलिखित कायदा आहे. "तेवढ्यात तोळाभर तरी येतं का?" भाऊंनी विजयी मुद्रेने विचारलं, कारण हल्ली येत नाही. उत्तर आलं, "नाही येत. पण जेवढं येतं ते पुढच्या वर्षी वाढतं. तुमची लिफ्ट पुढच्या वर्षी गंजते." धुळ्याहून फोनवर थोरल्या बहिणीला धाकटीचा पाठिंबा अहिराणीत आला, आणि तो चार शब्दांचा होता: "गाडीले पलंग, अन् माले?"

तरीही लिफ्ट ठरली. मग मोजमाप. भाऊंचा पोर्च दहा बाय बारा. टेबल मावतं, पण दोन्ही बाजूंनी माणूस पाना घेऊन फिरायला अडीच-अडीच फूट जागा लागते, आणि नेमक्या त्या जागेत बंगई, म्हणजे झोपाळा. बंगई हलणार नाही, हे दुपारीच जाहीर झालं. पोर्चमध्ये पंखा. टेबल वर गेल्यावर अडीच फूट, त्यावर हँडलपर्यंत साडेतीन फूट, त्यावर आरसे. पंख्याची पाती आणि आरसे यांच्यात जेमतेम हातभर अंतर उरलं. "मी पंखा बंद ठेवून काम करीन," भाऊ म्हणाले. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि हे वाक्य ते मेमध्येच बोलले होते.

खरा अडथळा मात्र वर नव्हता, पायाखाली होता. तापीच्या खोऱ्यातली काळी कसदार माती कापसाला आणि केळीला मानवते, बांधकामाला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि तिच्यावर कमी खोल पायावर बांधलेलं घर वर्षभर हळूच श्वास घेत असतं. पावसाळ्यात मोरीचं दार लागत नाही आणि उन्हाळ्यात बंद राहत नाही, ते यामुळे. फरशी एका कोपऱ्यात बोटभर उचललेली, दुसऱ्यात बसलेली. खुर्चीखाली पुठ्ठ्याची घडी सारून माणसं संसार करतात. पण लिफ्टचं वजन शंभर किलोच्या घरात किंवा वरच, त्यावर १९५ किलोची गाडी, आणि हा सगळा भार चार छोट्या पायांवर. टेबल वर गेलं की गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. खाली बोटभर असलेला तिरपेपणा वर वीतभर वाटू लागतो. फरशीखाली पोकळ असेल तर पाय टेकतो तिथे फरशी फुटते.

हे तपासायची रीत साडूंनी सांगितली आणि ती खरोखर उपयोगी आहे: रुपयाच्या नाण्याने एकेक फरशी वाजवून बघायची. भरीव असेल तर टणटण, पोकळ असेल तर डबडब. पूर्वी बाजारात नाणं खरं की खोटं हे फरशीवर वाजवून बघत. इथे नाण्याने फरशी वाजवायची. जळगावचा एक सुसंस्कृत निवृत्त बँकवाला रविवारी सकाळी पोर्चमध्ये रांगत रुपया आपटतोय, हे दृश्य समोरच्या गच्चीवरून बऱ्याच लोकांनी पाहिलं. गुडघ्यांना मनाई होती ती उकिडवं बसण्याची, रांगण्याची नव्हे. अकरा फरशा डबडब निघाल्या. त्या काढून खाली काँक्रीट भरलं. लिफ्टआधी लिफ्टचा पाया झाला.

लिफ्ट ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आली. "घरपोच नाही, घेऊन जा." छोट्या टेम्पोतून फाटकापर्यंत आली आणि तिथे सगळे थांबले. टेम्पोवाला, भाऊ, धुळ्याहून मुद्दाम आलेले साडू आणि पंक्चरवाला तो मुलगा, असे चौघे त्या लोखंडाकडे बघत उभे राहिले. प्रश्न टेम्पोवाल्याने विचारला: "आते हाई कोन उचली?" शेवटी धुळ्याची सागाची फळीच कामाला आली, साडूंनी ती येझदीवर न येता बसच्या टपावर टाकून आणली होती, का ते त्यांनाच ठाऊक. फळी टेम्पोला लावून लिफ्ट सरकवत उतरवली.

पहिल्यांदा गाडी वर गेली तेव्हा कॉलनीतली दहा-बारा माणसं जमली. शिकंजा आवळला, हँडलच्या दोन्ही बाजूंनी पट्टे ताणले, लाथा सुरू झाल्या. गाडी वर येत गेली तसे लोक मागे सरकत गेले. मधल्या उंचीला टक् असा आवाज झाला. तो लोखंडी खटका. या सगळ्या खरेदीत पैसे वसूल करणारी एकच वस्तू असेल तर ती हीच. तेलाच्या जोरावर उभ्या टेबलाखाली हात घालू नये. सिलिंडरचं रबरी सील झिजलं की तेल गळतं आणि टेबल चोरपावलांनी खाली येतं. खटका पडल्यावर भार तेलावरून लोखंडावर जातो. विकत घेताना माणसं लिफ्ट किती किलो उचलते हे विचारतात, खटके किती हे विचारत नाहीत. भाऊ स्टुलावर बसले. चेन डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती साफ केली, तेल दिलं, ताण तपासला, आणि तासाभराने उठून सरळ उभे राहिले. एकदाही "आई गं" न म्हणता. बायकोने दारातून हे पाहिलं आणि काही बोलली नाही, जे या घरात प्रशस्तिपत्र समजलं जातं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनेही लिफ्टचा उपयोग शोधला. बिबड्या वाळत घालायला कमरेइतक्या उंचीची, सात फुटांची, चाकांवर उन्हात सरकवता येणारी, कुत्र्यामांजरांच्या तोंडाला न लागणारी जागा दुसरी कुठली? जुनं धोतर अंथरून ज्वारीच्या बिबड्या एका ओळीत बसल्या, आणि क्लासिक आठवडाभर साइड स्टँडवर उभी राहिली. खंडेनवमीला पाने, पकडी आणि लिफ्ट यांची एकत्र पूजा झाली. शिकंज्याला झेंडूची माळ.

धुळ्याच्या साडूंनी लिफ्ट घेतली नाही. त्यांचं म्हणणं, येझदी दर रविवारी जळगावला आणतो, नव्वदेक किलोमीटर तर आहे. येताना जे सैल होतं ते लिफ्टवर आवळतो, आणि जाताना पुन्हा सैल होतं.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांना भाऊंचा एक निरोप आहे. नव्या घरात एक पावसाळा आणि एक मे महिना जाऊ द्या, मग फरशी वाजवा. आणि चाकांची लिफ्ट घेणार असाल तर आधी पोर्चवर बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी निघून जावं म्हणून गवंडी उतार काढतो तो फाटकाकडे, आणि फाटकाबाहेर रस्ता असतो. बिबड्यांनी भरलेली लिफ्ट एकदा त्या दिशेने निघाली होती. फाटकाची कडी बरी शाबूत होती.